नर्सबाईंचा निरोप

हे मी कुणापाशी बोलले नाही. आईपाशी नाही, पाठच्या बहिणीपाशी नाही, देवळात एकटीच बसलेली असताना देवापाशीसुद्धा नाही. मग तुमच्यापाशी का? कोण जाणे. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच असेल.

आमचं गाव चाकणच्या अलीकडं. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना उभा राहतोय, अशा गप्पा बाजारात चालायच्या. पण त्या दिवसांतलं मला आठवतं ते निराळंच. वारा सुटला की कांद्याची लाल सालपटं सगळ्या गावावर तरंगायची — अंगणात, हंड्यातल्या पाण्यात, केसांत. डोळे मिटले की अजून दिसतं, सगळं लालसर, हलकं, आवाज नसलेलं. आणि त्यात आमचे हे उभे, कांद्याच्या गाडीला खांदा लावून, हसत.

ती गाडी उलार झाली. पोत्यांसकट मागं आली, आणि हे चाक आणि भिंत यांच्यामधे सापडले. ओटीपोटाखालचं हाड चेपलं. पुण्याच्या दवाखान्यात किती दिवस काढले, त्याचा हिशोब नाही. पाय वाचले. लघवीची नळी निघाली. काठी घेऊन चालायला लागले. पण — आता कसं सांगू? — त्या बाजूनं शरीराला जागच येईना. पुरुषपण हरवल्यासारखं झालं.

अशी गोष्ट डॉक्टरला विचारायला यांची जीभ रेटेना. घरी सोडायच्या दिवशी मला म्हणाले, "तूच इचार त्या नर्सबाईला. बाईचं बाईला बोलता येतं." मी तोंडावर पदर घेऊन विचारलं. नर्सबाई हसल्या नाहीत. डॉक्टरांकडं जाऊन आल्या आणि म्हणाल्या, नसांना मार बसलाय, पण मेल्या नाहीत. वर्ष लागेल, दोन लागतील. त्यांना धीर दे, जवळ राहा, आणि दाखवायला आणत जा. बऱ्याच जणांचं सुधारतं.

मी बाहेर आले. हे व्हरांड्यात बाकावर बसले होते. तोंडानं काही विचारलं नाही, नुसतं वर बघितलं. आणि मी — मान हलवली. नाही म्हणून.

का? तेही ऐका. माझी तीन बाळंतपणं झाली होती. एक मुलगा जगला, दोन लेकरं गेली. शेवटच्या वेळी मीही गेल्यातच जमा होते. सुईण म्हणाली होती, पुन्हा राहिलं तर ही वाचत नाही. दर महिन्याला पाळी येईस्तोवर जीव टांगणीला. आणि दवाखान्यात यांच्या खाटेशेजारी, जमिनीवर, मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. लाज वाटते सांगायला — नवरा कण्हत होता आणि मी सुखानं झोपत होते! ती झोप मला सोडवेना.

पण एवढं सांगून मी सुटत नाही. हे फार साधे होते हो. "अहो, मला भीती वाटते," एवढंच म्हटलं असतं, तरी ऐकलं असतं त्यांनी. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यांनी अंथरूण कांद्याच्या वखारीत नेलं, राखणीचं निमित्त करून. तालमीत जाणं सुटलं, लग्नकार्याला जाणं सुटलं. एकदा म्हणाले, "तू तरणी हायेस. काडीमोड घे, दुसरं घर कर. मी नाव ठेवायचा न्हाई." मी रडले. ते रडणं खरं होतं का? निम्मं असेल. मी यांना सोडून गेले नाही, हे गावभर झालं. वडाची पूजा असली की बायका मलाच पुढं घालायच्या. आणि मी, भवानी, पुढं चालायचे!

इथवरही भागलं असतं. तोंडानं तर खोटं बोलले नाही, अशी मनाची समजूत घातली असती. पण खरं सांगायचं ते पुढंच आहे.

पुढच्या थंडीत एका सकाळी एवढं धुकं पडलं होतं की समोरचा गोठा दिसेना. मी भाकरी थापत होते. धुक्यातून हे आले, दारात उभे राहिले. लाजत होते — लग्नातही इतके लाजले नव्हते. म्हणाले, "अगं, आज... जरा जाग आल्यावानी वाटलं." चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. नर्सबाईंचं खरं होत होतं. मला सगळं स्वप्नात घडल्यासारखं वाटत होतं. आणि माझ्याच तोंडून, अगदी शांतपणे, शब्द आले — डॉक्टर म्हणालेत, असं वाटेल, पण जोर केला तर हाड पुन्हा मोडेल, मग जन्माचे अंथरुणाला खिळाल.

कुठला डॉक्टर म्हणाला होता? कुणीसुद्धा नाही.

"बरं," म्हणाले, आणि धुक्यात परत गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी दाखवायलाही नेलं नाही.

आम्ही म्हातारे झालो. मुलगा पिंपरीला कारखान्यात लागला, त्याच्याच खोलीत यांनी प्राण सोडला. जायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरला. "माझ्यापायी तुझ्या जन्माचं वाटुळं झालं," म्हणाले. "मला माफ कर."

मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "केलं."