गावंडे बाईंचा तराजू

ज्याचा हात वर असेल त्याला गावंडे बाई कधीच विचारत नसत. "ज्याले येते त्याले विचारून काय फायदा?" म्हणायच्या. आठवीच्या वर्गात चार-चार मुलांचे गट करायच्या, प्रत्येक गटाला दोन पारड्यांचा तराजू द्यायच्या आणि शेवटी गटात ज्याला सर्वांत उशिरा समजलं असेल त्यालाच उभं करायच्या. त्याला सांगता आलं नाही, तर चौघांनाही शून्य.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या दुकानातली. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात पोत्यावर खिळे विकता विकता मी हे हार्डवेअरचं दुकान उभं केलं. बाईंना दोनशे नट हवे होते. मी भाव चढवूनच सांगितला. गिऱ्हाईक खाली ओढणार हे ठरलेलंच. त्या म्हणाल्या, "भाव राहू द्या भाऊ. फक्त सगळे नट एका वजनाचे पाह्यजे." आणि भर गर्दीत एकेक नट तोलत अर्धा तास उभ्या राहिल्या.

"बाई, मी काय इथं सोनं विकून राह्यलो का?" मी ओरडलो.

"सोनं नाही भाऊ, बीजगणित हाये," असं म्हणून त्यांनी पुढचा नट उचलला. घासाघीस न करणारं माणूस मला तेव्हाच खटकलं.

माझी वैदेही पहिलीपासून पहिल्या नंबराची. गेल्या वर्षी आठवीच्या चाचणीत तिला शून्य मिळालं, कारण तिच्या गटातल्या सुनीताला उत्तर सांगता आलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी तडक वर्गात शिरलो. "दुसऱ्याच्या पोरीचं ओझं माह्या पोरीनं काहून वाह्यचं?"

"आलेच आहा तर पाहून जा," बाई म्हणाल्या. "वैदेही, समजाव सुनीताले."

डाव्या पारड्यात तीन बांधलेल्या थैल्या आणि दोन नट. उजव्यात एक थैली आणि दहा नट. पारडी अगदी सारखी. प्रत्येक थैलीत सारखेच नट होते. किती, ते थैली न उघडता काढायचं. "थैलीच्या कापडाचं वजन?" मी लगेच अडवलं. बाईंनी उजव्या पारड्यात आधीच ठेवलेल्या दोन रिकाम्या थैल्या दाखवल्या. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं.

"हे दोन पलीकडे नेले की झालं," म्हणत वैदेहीनं डावीकडचे दोन नट उचलून उजव्या पारड्यात टाकले. उजवं पारडं धाडकन खाली गेलं. ती गोंधळली. "पलीकडे नेलं की चिन्ह बदलते, असं तर पाठ केलं होतं."

"नटाचं चिन्ह कसं बदलते व?" सुनीतानं विचारलं.

वैदेहीचं तोंड उतरलं. मला ते बघवलं नाही. मी विचारही केला नाही. माझं बोट आपोआप डाव्या पारड्यावर गेलं आणि दाबलं. दुकानातली तीस वर्षांची सवय. पारडी सारखी झाली.

"काका, बोट काढा न," सुनीता म्हणाली.

मी बोट काढलं. माझे कान तापले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरोबर. आता पुढं काय करशीन?" सुनीतानं दोन नट परत डावीकडे ठेवले. मग दोन्ही पारड्यांतून दोन-दोन नट काढले, नंतर एक-एक थैली काढली. "दोन थैल्या, आठ नट. एका थैलीत चार." काल जिला येत नव्हतं, ती पोरगी!

तीस वर्षांत माझ्या तराजूवरचं बोट कुणी काढायला लावलं नव्हतं. आठ दिवसांत मी पाच पालकांच्या सह्या घेऊन शाळेत अर्ज दिला: बाई शिकवत नाहीत, खेळ खेळवतात; त्यांच्याकडून आठवी काढून घ्या.

अर्जावरच्या बैठकीला मी तयारीनं गेलो. बाई बोटाची गोष्ट काढणार आणि मी साफ नाकारणार. शब्दसुद्धा घोकून ठेवले होते. हेडसरांनी विचारलं, "बाई, त्या दिवशी वर्गात काय झालं?"

"भाऊ वर्ग पाहाले आले होते," बाई म्हणाल्या. बस्स, एवढंच.

हुकमाचं पान हातात असून न टाकणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. अर्ध्या तासात त्यांची आठवी गेली, पाचवी हाती आली. मी जिंकलो, आणि घरी येताना रागानं धुमसत होतो.

या जूनमध्ये त्या बदली मागून घाटंजीकडच्या शाळेत गेल्या. निघताना जीपच्या थांब्यावर दिसल्या, तेव्हा मी चारचौघांत आवाज चढवला, "बैठकीत बोलल्या काहून नाही? मले भांडू तरी द्यायचं होतं!"

"मी बोलली असती तर तुम्ही नाही म्हटलं असतं," त्या जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या. "मग हेडसरांनी साक्षीले वैदेहीले बोलावलं असतं. एवढीशी पोर भाऊ. बापासमोर तिनं काय बोलावं?"

जीप गेली.

रात्री जेवताना मी वैदेहीला विचारलं, "बैठकीत तुले बोलावलं असतं, तर काय सांगितलं असतं?"

"खरं ते," ती म्हणाली आणि आईकडे भाजी मागितली.