मांडवाबाहेरची धवलारीण

धवलारीण आजी लग्न लावायला आली की आधी भांडायची. मांडवावर डहाळे कमी का, करवल्या अजून नटतायत का, नवरदेव चुळबुळ का करतोय! बेलपाड्यात आम्हा आगऱ्यांची लग्नं तिच्या गाण्यांनी लागत. प्रत्येक धवल्यात ती त्या त्या नवरीचं नाव गुंफायची. "धवल्याबिगर लगीन म्हंजी निस्ता जेवान," असं म्हणायची आणि त्या जेवणावरही ताव मारायची.

तेव्हा गावाभोवतीचं खारघर म्हणजे नुसती शेतं. बांधावरचा काटा तिच्या पावलात मोडला. तिने नेहमीसारखा बिबा घातला आणि विसरली. दोनेक वर्षांत तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरखरीत वाढ झाली, वर काळे ठिपके. झालं! गावाने निकाल दिला: महारोग. लग्नांची बोलावणी बंद, पाण्याचा तांब्या वेगळा.

माझ्या वडिलांनी तिला पनवेलला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तुकडा काढून तपासला. "महारोग नाही. मातीत, कुजक्या लाकडात काळी बुरशी असते, ती काट्याबरोबर आत शिरली. माणसाकडून माणसाला लागत नाही. गोळ्या मात्र बरेच महिने घ्याव्या लागतील." वडिलांनी हे घरोघर सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तांब्या वेगळाच ठेवला.

मग माझं लग्न ठरलं. "डाक्टर काय पन बोलल, नवरीला लागला तं?" थोरले काका म्हणाले. वडील नमले, याचा मला आजही संताप येतो. कुणा शहाण्याने तोडगा काढला: गावातल्या वंदनाच्या लग्नात टेप केलेली आजीची कॅसेट लावू! हळदीला कर्ण्यातून तिचा आवाज, आणि ती स्वतः समोरच्या ओट्यावर बसलेली. हळद मला लागत होती आणि धवल्यात नाव वंदनाचं! एकालाही लाज वाटली नाही.

मी तशीच उठून तिच्याकडे गेले. "आजी, माझ्या नावाचा म्हण."

ती कडाडली, "हलदीची नवरी मांडव सोरून येते? माघारी जा! धवला मांडवान व्हतो, वट्यावर नाय."

मी रडत परत आले.

पुढे पाय बरा झाला, काळसर वण उरला. तीच माणसं नारळ घेऊन दारात आली. आणि ती लग्न लावायला गेलीसुद्धा! "पोरींचा काय गुना?" म्हणाली. मरेपर्यंत तिने गावातल्या पोरींची लग्नं लावली. त्या माणसांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. सगळ्या पोरींची नावं ती गायली, माझं तेवढं राहिलं.