डाव्या फुलाचं तळं

शास्त्राचं आणि देवाचं एकमत झालेलं कधी बघितलंय का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, बघितलंय की! आमच्या सड्यावर. आणि त्यात एका बाईचं घर उठलं.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी कोल्हापुरात एका संशोधनावर सहायक म्हणून लागले होते. विषय असा, की पाऊसपाणी बदलत चाललंय, तर राखीव जंगलात माणसानं हात घालावा, की जंगलाचं जंगलाला बघू द्यावं? घरी सांगितलं तर वडील म्हणाले, “म्हंजे काय करायचं आन् काय न्हाय करायचं, ह्येचा अभ्यास? आन् त्येला पगार बी देत्यात?” आई पदर तोंडाला लावून हसत बसली.

राधानगरीच्या पलीकडं अभयारण्यात हा सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. त्यावर दोन तळी, एक वरचं, एक खालचं. पूर्वी दोन्हींत भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, गवे प्यायला यायचे. अलीकडं पाऊस एकदम कोसळायचा, माती वाहून तळ्यात बसायची आणि होळी झाली की तळ दिसायला लागायचा. खालच्या तळ्याच्या काठाला धनगरवाडा होता. वाडा कसला, एकच घर उरलेलं. त्यात एक म्हातारी धनगरीण आणि तिची म्हसरं. मी तिला मावशी म्हणायची. लेक पेठ वडगावला बाजारात हमाली करायचा आणि आईनं खाली यावं म्हणून जीव काढायचा. मावशीचं उत्तर ठरलेलं. “पाणी हाय तवर मी हाय.”

एका तळ्याचा गाळ काढून ते खोल करायचं, दुसऱ्याला अजिबात हात लावायचा नाही, आणि काही वर्षं दोन्हींकडं बघत राहायचं, असं ठरलं. पण खोल कुठलं करायचं? माझे सर म्हणाले, निवड माणसानं करायची नाही, दैवावर सोडायची, नाहीतर अभ्यास एकतर्फी होतो. जंगलखात्याच्या साहेबांनाही कुणाचा वाईटपणा नको होता. तेवढ्यात खालच्या गावातला एकजण ओरडला, “मग द्येवाला कौल लावा की! एवढा इचार कशाला?”

सरांना तर आनंदच झाला. देवराईत गेलो. गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं फूल वरच्या तळ्याचं, डावं खालच्याचं. आधी पडेल ते तळं खोल करायचं. मावशी हात जोडून पुढंच उभी होती. मी मनात म्हणत होते, डावं पड, डावं पड, बाबा. उजवं पडलं.

मावशीनं डोकं टेकवलं आणि म्हसरांकडं गेली. मला मात्र चैन पडेना.

वरचं तळं त्याच उन्हाळ्यात खोल झालं, पण मोजणी बिघडू नये म्हणून तिथं म्हसरं न्यायला बंदी होती. खालच्याला हात लावायचा नाही म्हणजे नाहीच. मावशी दरवर्षी होळीनंतर लेकाला बोलावून पाट्यांनी थोडा गाळ उपसायची, तेही बंद झालं. मी पट्टी घेऊन पाणी मोजायला जायची, की ही दारातूनच विचारायची, “आज किती भरलं गं?” मी सांगायची. दर खेपेला कमीच असायचं. ती म्हणायची, “बरं. च्या घे.” त्या चहात त्याच तळ्यावर जगणाऱ्या म्हसरांचं दूध असायचं.

अशी तीन वर्षं गेली आणि शेवटी माझं डोकं फिरलं. सरांकडं गेले. ते म्हणाले, “आत्ता गाळ काढला तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाईल.” पाण्यात! त्या तळ्यात तेवढं पाणी तरी होतं का? साहेबांकडं गेले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “मलाही वाटतं हो, पण आराखडा वरून मंजूर झालाय, माझ्या हातात काय आहे?” मग गुरवाकडं गेले. म्हटलं, परत कौल लावा. तो म्हणाला, “एकदा द्येवानं शबूद दिला की तेच परत इचारायचं नसतंय, ताई.” राहिली मावशी. तिला म्हटलं, चल, आपण दोघी पाट्या घेऊन गाळ काढू, कोण काय करतंय बघू! तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच खाली बघितलं. “द्येवानं सांगितलंय न्हवं? मग?”

मी तिथंच कातळावर बसून रडले. दुसरं काय करणार होते?

पुढच्या उन्हाळ्यात तळं आटलं. मी पट्टी टेकवली ती तडकलेल्या चिखलावर. मावशीनं म्हसरं आधीच विकली होती आणि लेक टेम्पो घेऊन आला होता. अभयारण्यातलं घर सोडणाऱ्याला खाली जागा मिळायची, पण एकदा सोडलं की परत राहायला जाता येत नाही, असा नियम. तिनं अंगठा दिला होता. त्या दिवशी तिनं किती भरलं ते विचारलं नाही. टेम्पोत चढताना म्हणाली, “तुजं काम झालं म्हण की आता.” टोमणा नव्हता तो. खरंच माझं काम झालं म्हणून तिला बरं वाटत होतं, आणि तेच मला सहन होईना.

अहवाल गेला. वरच्या तळ्यात पाणी टिकलं, खालचं आटलं, निष्कर्ष अगदी स्वच्छ. सरांची पाठ थोपटली गेली. जंगलात गरज असेल तिथं हात घालावा, असं ठरलं आणि पहिलं काम म्हणून खालच्या तळ्याचा गाळ काढला. त्या वर्षी पाऊसही भरपूर झाला.

दिवाळीनंतर मी वडगावला तिच्याकडं गेले. पत्र्याची खोली, दारात नळ. मला बघून केवढी खूश झाली! चहा ठेवला, दूध पिशवीतलं. आणि इतक्या दिवसांनी तिनं विचारलं, “किती भरलं गं?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तिच्याशी पाण्याबद्दल मी कधी खोटं बोलले नव्हते.

“काठोकाठ हाय, मावशी.”

तिचा चेहरा उजळला. चुलीपुढनं ती अर्धवट उठली.

“मग जाऊ व्हय माघारी?”