क्लिफर्डचा तीन नंबर

डर्बी शहरातल्या त्या क्लबात गाडी चालवता येणारा माणूस एकच, असं क्लिफर्ड पेलिंगचं ठाम मत होतं, आणि तो माणूस त्याला रोज दाढी करताना आरशात भेटायचा. वीतभरही नसलेल्या, खाचेतून धावणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या त्या. पण याचा तोरा विमान उडवल्याचा.

"पोटाखाली चुंबक लावून गाडी चालवतेस? त्यापेक्षा बालवाडीत जा," तो क्लबातल्या ग्लेनिसला म्हणाला. वळणावर गाडीला ट्रॅकशी धरून ठेवणारं ते चुंबक आपल्या गाडीचं त्याने केव्हाच काढून फेकलं होतं.

नव्या डिजिटल ट्रॅकवर वीज सगळ्या गाड्यांना सारखीच मिळते. हातातला कंट्रोलर ठरलेल्या नंबराच्या नावाने हुकूम सोडतो आणि ज्या गाडीच्या चिपमध्ये तो नंबर असेल, तीच ऐकते. म्हणून नंबर देताना ट्रॅकवर एकच गाडी ठेवायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. क्लिफर्डने आपल्या गाडीला तीन नंबर दिला, तेव्हा शेजारच्या खाचेत ग्लेनिसची गाडी उभी होती. ती उचलायची तसदी त्याने घेतली नाही.

शर्यतभर ग्लेनिसची गाडी त्याच्या गाडीला खेटून पळत होती.

"नक्कल करतेय बाई! स्वतःचं डोकं म्हणून नाही!"

शेवटच्या वळणावर त्याने कंट्रोलरचा खटका पूर्ण दाबला. त्याची गाडी उडून बिस्किटांच्या ताटलीत पडली. ग्लेनिसची वळणाला चिकटून राहिली आणि जिंकली.

"नशीब तुझं!" तो फिस्कारला.

ग्लेनिसच्या दोन्ही हातांत चहाचा मग होता.

"माझा कंट्रोलर पहिल्या फेरीपासून टेबलावर पडलाय, क्लिफर्ड. माझ्या गाडीलाही तूच तीन नंबर दिलास. छान चालवलीस हं माझी."