शंभर विमानांची ऑर्डर

गेल्या वर्षी नवा रायपुरातल्या एका हॉटेलात शंभर विमानं विकत घेतल्याचा समारंभ झाला. विमान एकही नव्हतं. टेबलावर हातभर लांबीचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, त्याला झेंडूचा हार आणि नाकाशी लिंबू-मिरची.

स्वस्त तिकिटांची ही नवी कंपनी रायपुरात दुरुस्तीचा तळ काढणार होती. माझी भाची तेव्हा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात इंजिनिअर होती. कंपनीनं तिला नोकरीला बोलावलं होतं. तिचे वडील, माझे भाऊजी, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात कागद वाचणारा मी एकटाच, म्हणून मला म्हणाले, "तू चाल. साहेबाले नीट विचार. पोट्टीनं पक्की नोकरी सोडाची का नाही, ते तूच सांग."

भाषणं इतकी लांबली की तेवढ्यात माणूस दिल्लीला जाऊन पोचला असता. जेवणाच्या रांगेत कंपनीचे खरेदी अधिकारी माझ्या पुढेच होते. विमान निवडता कसं, असं विचारलं तर खूश झाले. त्यांना हे कुणी विचारत नसावं. म्हणाले, सगळी एकाच जातीची घ्यायची, म्हणजे कुठलाही पायलट कुठल्याही विमानावर चालतो आणि सुटे भाग एकाच तऱ्हेचे ठेवावे लागतात. आकडा मोठा सांगायचा, म्हणजे विमानं बनवणारा कारखाना भाव पाडतो आणि रांगेत जागा मिळते.

रेशनच्या रांगेत चप्पल ठेवतात तसं, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पनीर वाढून घेतलं.

विमान हाती आलं की त्याच दिवशी ते भाड्यानं देणाऱ्या कंपनीला विकायचं, आणि तिच्याकडूनच भाड्यानं घ्यायचं. स्वस्तात मागवलेलं चढ्या भावानं गेलं की मधला नफा आपला. हे ते इतकं सहज सांगत होते की मला जरा उशिराच उमगलं: या नफ्यासाठी विमान उडावं लागत नाही, मागवत राहावं लागतं. भाडं थकलं तर मालक विमान घेऊन जाणार. माणसं मात्र जिथल्या तिथे.

पहिलं विमान कधी येईल? रांग मोठी आहे, ते म्हणाले. चार-पाच वर्षं धरा.

मग इंजिनिअर आत्ताच कशाला, मी विचारलं. ते पहिल्यांदाच घास चावायचे थांबले. म्हणाले, "पैसे लावणारे लोक बघायला येतात. तळावर माणसं दिसायला हवीत ना."

तेवढ्यात नव्यानं नेमलेल्यांना स्टेजवर बोलावलं. मॉडेलपुढे नारळ भाचीनं फोडला. टाळ्या झाल्या, फोटो झाले.

बाहेर गाडीपाशी मी भाऊजींना ऐकलेलं सगळं सांगितलं आणि म्हटलं, सोडू देऊ नका. ते काही बोलायच्या आत भाची आली. कपाळावर ताजं कुंकू होतं.

"मामा, मी तं सकाळीच राजीनामा देऊन आली. त्याची कॉपी पाहिल्याशिवाय ते मले स्टेजवर घेत नव्हते."

"वापस घेता येते का?" भाऊजींनी विचारलं.

"कारखान्यातल्या साहेबानं सही केली, बाबा."



आता ती रोज विमानतळाकडे जाते. हँगर बांधून तयार आहे. झाडलेला, पुसलेला, रिकामा. पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी निरोप येतो, उद्या सगळ्यांनी हेल्मेट घालून यावं. गेला महिनाभर तसा निरोप आलेला नाही. भाऊजी रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून तिला विचारतात, आज तरी आला का.