साखरामावशीची सुट्टी

लातूरकडच्या मुरुडच्या आमच्या शाळेत साखरामावशी बावीस वर्षांपासून दुपारची खिचडी शिजवते. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी दुसरीत होते. आता माझी आलिया त्याच शाळेत तिसरीला आहे. चुलीच्या जागी गॅस आला, पण पत्र्याच्या शेडमध्ये बाई तीच.

आमच्या घरात दखनी उर्दू बोलतात. मराठी मला शाळेने दिली आणि त्यातली बरीचशी मावशीने. “पोट भरलं का न्हाई गं? खरं सांग,” हे ती रोज प्रत्येकाला विचारायची. शिक्षण काहीच नाही, पण कोणतं लेकरू चार दिवस आलं नाही ते तिला हजेरीशिवाय कळायचं. एकदा किडलेल्या तांदळाचं पोतं आलं. निवडून घेऊ, असं कोणीतरी म्हणालं. मावशीने पोतं दारातच अडवलं. “तुमच्या लेकराला घालता का हे?” एवढंच बोलली. पोतं परत गेलं.

दर जानेवारीत शाळेची आनंदनगरी भरते. ती सगळी आम्ही पालकच करतो. मंडप आम्ही बांधतो, स्टॉल आम्ही लावतो, झाडलोटही आमचीच. गुरुजींनी त्या दिवशी नुसतं फिरायचं. यंदा बैठकीत मी म्हटलं, “आपण सगळे मजा करतो आणि मावशी एकटी चारशे माणसांचं रांधते. या वेळी स्वयंपाक आया करतील. तिला सुट्टी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मन्मथ गुरुजी तर म्हणाले, “हे आधी का सुचलं नाही?” तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

सांगायला मीच गेले. अंगणात मावशीचे मालक ग्यानोबामामा तूर बडवत होते. मावशी सुपात तूर पाखडत होती. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिचं सूप थांबलं.

“माझ्या जागी कोण यायली?”

“कोणी नाही गं मावशी. एक दिवसाचंच आहे.”

“पहिल्यांदा एक दिसाचंच म्हंतेत.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिजलेलं अन्न लातूरहून गाडीने येणार, शाळेतल्या स्वयंपाकिणी बंद होणार, अशी बोलवा महिनाभर गावात होती. मी ऐकली होती आणि विसरले होते. तिला विसरता येणार नव्हती. मी तिच्यासमोर खाली बसले.

“मावशी, माझं चुकलं. आधी तुला विचारायला पाहिजे होतं. त्या गाडीचं मला काही माहीत नाही. पण हे त्यासाठी नाही, अल्लाशपथ.”

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. ग्यानोबामामाच म्हणाले, “जा की. एक दिस हिंडून ये माणसावानी.”

“बघू,” ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

ती आली. आनंदनगरीच्या दिवशी लग्नाकार्याला नेसायचं तांबडं लुगडं नेसून आली, खुर्चीवर टेकली आणि शेडकडे तोंड करून बसून राहिली. शेडमध्ये आम्ही दहा-बारा जणी भाताची पातेली चढवत होतो. माझी सासू जोहरा आमटीवर होती. मावशीचे हात सारखे मांडीवर चुळबुळ करत होते. मला वाटलं, उगाच आणलं हिला.

तेवढ्यात सातवीची साक्षी आली आणि तिला हाताला धरून ओढत घेऊन गेली. पोरींनी एका वर्गात ‘वासावरून ओळखा’ असा स्टॉल मांडला होता. डोळ्याला रुमाल बांधायचा आणि समोरच्या बारा वाट्यांत काय आहे ते सांगायचं. सकाळपासून कोणी सात-आठच्या पुढे गेलं नव्हतं.

मी हातातलं काम टाकून बघायला गेले. मावशी सुरुवातीला लाजली. मग पहिली वाटी नाकाशी नेली. “धने.” दुसरी. “कारळ.” तिसऱ्या वाटीला तिने चिमूट चोळली. “ही तूरडाळ हाय, पण मागच्या सालची. कुणी दिली गं?” दारात गर्दी जमली. पोरं प्रत्येक वाटीला ओरडायला लागली. अकरावी वाटी तिने उचलली आणि तशीच थांबली. रुमालाखालचं नाक वर झालं.

“लुबना,” ती मला म्हणाली, “आमटी लागायली बघ.”

शेड तिथून चांगलं पन्नास पावलं लांब. मी पळत सुटले. सासूबाई कोणाशी तरी बोलण्यात रंगल्या होत्या आणि मोठं पातेलं बुडाला धरायला लागलं होतं. मी गॅस बंद केला, तोवर मावशी मागून आलीच. सगळ्या जणी बाजूला सरकल्या. सासूबाईंनी मान खाली घालून पळी तिच्यापुढे धरली.

मावशीने हात पुढे केला, मग मागे घेतला.

“न्हाई. आज तुमी. वरची वरची दुसऱ्या पातेल्यात काढा. बूड खरवडू नका. थोडा गूळ टाका.” आणि ती परत गेली. उरलेल्या दोन वाट्या तिने ओळखल्या, हे मला मागाहून कळलं.

जेवायला ती पंगतीत बसली, पहिलीच्या लेकरांशेजारी. शाळेत पंगतीला बसायची तिची ही पहिलीच वेळ. सासूबाईंनी स्वतः वाढलं आणि भीत भीत विचारलं, “कशी झाली?”

“लागलीय,” मावशी म्हणाली आणि खळखळून हसली. सासूबाईही हसल्या. मावशीने ताट स्वच्छ केलं.

 निघताना मी कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, “उभं राहून वाढलं की नुसती ताटं दिसतेत. आज खाली बसले तर तोंडं दिसली. ती बारकी लई वाट बघतेत गं. मोठ्यांना वाढून यीस्तोर त्यांच्या डोळ्यात पाणी येतंय. बावीस वर्षं मला दिसलंच न्हाई.”

“आम्हालाही नाही दिसलं, मावशी.”

“तुमी कुठं वाढत होता?”



सोमवारी आलियाला सोडायला गेले तेव्हा मावशी मन्मथ गुरुजींशी बोलत होती. पहिलीच्या वर्गाची जेवणाची सुट्टी दहा मिनिटं आधी करा, असं तिचं म्हणणं होतं. गुरुजी वेळापत्रक समजावत होते आणि मावशी ऐकत नव्हती. त्याच दुपारपासून बारकी लेकरं आधी जेवायला लागली. लातूरच्या गाडीचं अजून काही नक्की नाही. पालकांच्या पुढच्या बैठकीला मात्र आम्ही मावशीला बोलावलं, आणि ती आली.