आधीच सांगणारे नानामामा

नानामामा कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खोलीतले कोपरे बघत. टेबलाचा, कडाप्प्याचा, उघड्या पत्र्याचा. मग त्या सगळ्यांपासून लांबची जागा निवडून अलगद बसत. त्यांना हिमोफिलिया होता. रक्त लवकर गोठत नसे. साधा धक्का लागला तरी आत रक्त साचून गुडघा टम्म सुजे. त्यांचा थोरला भाऊ लहानपणी दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता, आणि धामणगाव बढ्यातल्या बायका आजीलाच पांढऱ्या पायाची म्हणत.

माझी आई त्यांची बहीण. मी चालायला लागलो तेव्हा मामा येता-जाता माझे गुडघे चाचपत, असं ती सांगते. आजीचा दोष आईकडून माझ्यात उतरला की काय, हे कळायला त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मी सुटलो.

पुढे अकोल्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना गुणसूत्रांचं सगळं नीट समजावलं. मामा शाळेत कारकून, पण ते समजावणं त्यांना पाठच झालं. "बाईजवळ एक्स दोन असतात. एक बिघडला तं दुसरा सांभाळून घेते. माणसाजवळ एकच, अन् माहा तो एकच बिघडेल आहे. पोराले मी वाय देतो, म्हणून माहा पोरगा संदीप सुटला. पोरीले मात्र तोच द्या लागते. दुसरा आणू कुठून?" हे शेवटचं म्हणताना ते रूपालीकडे बघत नसत.

रूपाली त्यांची मुलगी. धडधाकट, हसरी. मेहकरच्या मुलाशी तिचं जमत आलं तेव्हा मामी म्हणाल्या, तिला स्वतःला काही होत नाही, मग सांगायचं कशाला? मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मेहकरला गेले आणि मुलाच्या वडिलांना सांगून आले, की हिला मुलगा झाला तर त्याला हा आजार असण्याची निम्मी शक्यता आहे. स्थळ मोडलं. पुढचंही तसंच मोडलं. रूपालीनं बापाशी बोलणं टाकलं. ताट वाढायची आणि आत निघून जायची.

मामांची झोप उडाली. एकदा मला म्हणाले, "पोरीचं वाटोळं करून राह्यलो का बे मी? पण माह्या मायले कोणी आधी सांगतलं असतं, तं माहा भाऊ वाचला असता."

शेवटी खामगावच्या प्रवीणनं सगळं ऐकून घेतलं, यावर इलाज कुठे मिळतो एवढंच विचारलं आणि होकार दिला. लग्न झालं. रूपालीचे दिवस भरत आले तसं मामांना जेवण जाईना. बुलढाण्याच्या दवाखान्यात तिच्या कळा वाढल्या तेव्हा आम्ही दाराबाहेर उभे होतो. डॉक्टरीणबाई आत गेल्या आणि त्यांनी काही विचारायच्या आधी रूपालीचाच आवाज आला.

"मॅडम, माझ्या वडिलांना हिमोफिलिया आहे. मुलगा असला तर जपा, बाळ ओढायला चिमटा लावू नका. अन् नाळेचं रक्त तपासायला पाठवा."

मामा दाराच्या आणखी जवळ सरकले.

मुलगा झाला. आम्ही सगळे त्याच्या रिपोर्टची वाट पाहत होतो. आला तो नको तसाच. बाळाच्या पायावर हात ठेवून मामा म्हणाले, "माह्यापासूनच गेलं याले."

"मले माहीत होतं, बाबा," रूपाली म्हणाली. "माहीत होतं म्हणून तं पोरगं नीट हाती आलं." किती तरी दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली होती.

नातू रांगायच्या आतच मामा गेले. न्हाणीत पाय घसरला, डोक्याला मार लागला आणि रक्त गोठवणारं इंजेक्शन मिळेपर्यंत उशीर झाला.

परवा खामगावला रूपालीकडे गेलो होतो. आता ती मुलाला घरीच इंजेक्शन देते. सुई काढून तिनं कापूस बराच वेळ दाबून धरला, मग त्याला सोडलं. तो बॅट घेऊन थेट गल्लीत पळाला. मी त्याला अडवायला उठलो.

"खेळू द्या, दादा," ती म्हणाली. "आताच तं इंजेक्शन दिलं."

म्हणाली खरी, पण चहा गार होईपर्यंत ती दारातून हलली नाही.